बंद केलेलें यंत्र पुन्हां कसें उठतें?

आगपेटी घरोघर पोहोंचण्यापूर्वीं विस्तव राखणें हें घरांतील एक नित्याचें काम असे. रात्रीं स्वयंपाक उरकला कीं चुलींतील निखारे राखेखालीं झांकून ठेवावयाचे, आणि पहाटे राख बाजूस सारून त्यांवर काटक्या घालून फुंकर मारावयाची, असा परिपाठ होता. निखारा विझलाच असेल तर शेजारच्या घरून विस्तव मागून आणावा लागे. आदल्या दिवशीं चूल किती धडधडून पेटली होती, याचा दुसऱ्या दिवशींच्या विस्तवाशीं कांहीं संबंध नसे. तो संबंध असे तो रात्रीं निखारा कसा झांकला त्याच्याशीं.

संगणकाच्या राज्यांतही याच जातीचा एक प्रश्न पन्नासाहून अधिक वर्षें माणसांस छळीत आला आहे. चालू असलेलें यंत्र उत्तम चालतें आहे, एवढ्यावरून तें बंद केल्यावर पुन्हां उठेल असें अनुमान काढतां येत नाहीं. चालणें हा एक गुण, आणि उठणें हा दुसरा. युनिक्स या नांवाची यंत्रणा इ. स. १९६९ मध्यें अमेरिकेंत जन्मास आली. तिच्या धर्तीवर रचलेल्या यंत्रणा आज पेढ्यांपासून वेधशाळांपर्यंत सर्वत्र राबत आहेत. या यंत्रणांचा सांभाळ करणाऱ्यांनीं हा भेद कसकसा ओळखला, आणि ओळखूनही तो पुनःपुन्हां कसा विसरला, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

प्रथम यंत्राचें उठणें म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. संगणकाचा मेंदू जो प्रोसेसर, त्यास स्वतःचें असें कांहींच ज्ञान नसतें. स्मृतींत ज्या आज्ञा लिहिल्या असतील त्या एकामागून एक पाळाव्या, एवढेंच तो जाणतो. यंत्रणेचा गाभा, ज्यास कर्नल म्हणतात, तो असतो चकतीवर. तो चकतीवरून स्मृतींत आणण्यासही आज्ञाच लागतात. मग त्या आज्ञा तरी स्मृतींत कोणीं आणावयाच्या? इंग्रजी भाषेंत अशक्य खटाटोपास ‘आपल्याच बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःस वर उचलणें’ असें म्हणण्याची चाल आहे. बुटाच्या त्या पट्टीस बूटस्ट्रॅप म्हणतात, आणि त्यावरूनच यंत्र ‘बूट होणें’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. या अशक्य वाटणाऱ्या कोड्याचा उलगडा साखळीनें होतो. एक अगदीं लहानसा प्रोग्रॅम त्याहून थोड्या मोठ्या प्रोग्रॅमास जागें करतो, तो त्याहून मोठ्यास, आणि अखेर कर्नल जागा होऊन घरचा कारभार हातीं घेतो. यंत्र एकदां चालू लागलें म्हणजे या साखळीचें काम संपतें. साखळींतील एखादी कडी नंतर तुटली तरी चालत्या यंत्रास त्याची गंधवार्ताही नसते. सर्व अनर्थाचें मूळ या एका गोष्टींत आहे.

न्यू जर्सी प्रांतांत मरे हिल येथें बेल कंपनीची प्रयोगशाळा होती. तेथें केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्सची पहिली उभारणी केली, ती पीडीपी-७ नांवाच्या एका जुन्या, फारशा वापरांत नसलेल्या संगणकावर. प्रारंभीं या यंत्राचे प्रोग्रॅम दुसऱ्या एका मोठ्या संगणकावर तयार करीत, ते कागदी फितीवर छिद्रांच्या रूपानें उतरवीत, आणि ती फीत हातानें वाहून नेऊन पीडीपी-७ ला वाचावयास देत. शेजारच्या घरून विस्तव आणण्याचाच तो प्रकार होता. पुढें प्रोग्रॅम लिहिण्याचीं व जुळविण्याचीं साधनें पीडीपी-७ वरच चालूं लागलीं, तेव्हां कोठें ती यंत्रणा स्वावलंबी झाली.

त्यानंतर युनिक्सचा संसार पीडीपी-११ या नव्या यंत्रावर हलला. तारीख ३ नोव्हेंबर १९७१ ची जी पहिली युनिक्स-पुस्तिका आहे, तींतही यंत्र बूट करण्याच्या विधीस स्वतंत्र पान दिलेलें आढळतें. त्या काळच्या पीडीपी-११ च्या दर्शनी पट्टीवर खटक्यांची एक ओळ असे. खटका वर म्हणजे एक आणि खालीं म्हणजे शून्य. कागदी फीत वाचून घेण्यापुरतें ज्ञान यंत्रास देणारा मूळ प्रोग्रॅम अवघा चौदा शब्दांचा होता. परंतु ते चौदा शब्द माणसानें खटके वरखालीं करून एकेक भरावयाचे असत. एक खटका चुकला तर यंत्र मुकाट्यानें बसून राही. काम कंटाळवाणें खरें, परंतु त्यांत एक लाभ होता. साखळीची पहिली कडी माणसाच्या स्वतःच्या हातांत होती, आणि यंत्र कसें उठतें हें त्यास विसरूं म्हटल्या विसरतां येत नसे. लवकरच ही पहिली कडी न पुसल्या जाणाऱ्या स्मृतींत कायमची कोरून ठेवण्यांत येऊं लागली, आणि माणसाची बोटें मोकळीं झालीं.

इ. स. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत या विधीस सुटसुटीत रूप आलें होतें. चकतीच्या अगदीं पहिल्या, शून्य क्रमांकाच्या ५१२ बाइटांच्या खंडांत एक छोटा प्रोग्रॅम ठेवलेला असे. तो जागा झाला कीं टंकयंत्रावर एक खूण उमटवून थांबे. मग माणसानें कर्नलच्या फाईलचें नांव टाइप करावयाचें, आणि त्या नांवाची फाईल शोधून त्यानें ती स्मृतींत आणावयाची. या लहानशा प्रश्नोत्तरांत मोठी सोय दडलेली होती. व्यवस्थापकानें नवा कर्नल तयार केला तरी जुना निराळ्या नांवानें चकतीवर राहूं द्यावा. नवा उठला नाहीं तर पुढल्या खेपेस जुन्याचें नांव टाइप करावें, कीं यंत्र पूर्ववत्. जुनें टाकण्यापूर्वीं नवें उठून दाखवील तोंवर थांबावें, हा युनिक्सच्या व्यवस्थापकांचा पहिला कुळाचार येथें सुरू झाला.

कर्नल जागा झाला कीं तो ‘इनिट’ नांवाच्या प्रोग्रॅमास प्रथम उठवितो, आणि इनिट ‘आरसी’ नांवाच्या फाईलींत लिहिलेल्या आज्ञा पाळून बाकीच्या सर्व नोकरचाकरांस कामास लावतो. ही आरसी फाईल साध्या मजकुराची. ती कोणाही व्यवस्थापकानें उघडावी, त्यांत एक ओळ घालावी किंवा काढावी. एका अक्षराची चूक झाली तरी त्या क्षणीं कांहींच बिघडत नाहीं. बिघडतें तें पुढच्या उत्थानाच्या वेळीं. ही अडचण जाणून कर्त्यांनीं एक मागील दारही ठेविलें होतें. दर्शनी खटक्यांवर १७३०३० हा अंक मांडून यंत्र सुरू केलें म्हणजे इनिट बाकीचा पसारा न मांडतां केवळ मुख्य टंकयंत्रावर एका माणसास प्रवेश देई. त्यानें शांतपणें बिघाड दुरुस्त करावा, आणि मग पुढचें दार उघडावें. या ‘एकट्याच्या’ अवस्थेचे वंशज आजही प्रत्येक युनिक्ससदृश यंत्रणेंत आढळतात.

यंत्र बंद करण्यासही विधि होता. लिहावयाचा मजकूर युनिक्स तत्काळ चकतीवर उतरवीत नाहीं. वेग साधावा म्हणून तो कांहीं काळ स्मृतींत राखून ठेवते. एक प्रोग्रॅम दर तीस सेकंदांनीं तो चकतीवर उतरवीत असे. परंतु मधल्याच क्षणीं वीज गेली तर चकतीवरील नोंदी अर्धवट राहत. म्हणून यंत्र थांबविण्यापूर्वीं ‘सिंक’ ही आज्ञा द्यावयाची. जुन्या व्यवस्थापकांत ती एकदां न देतां तीनदां देण्याचा प्रघात पडला. नवख्यांस ही अंधश्रद्धा वाटे, परंतु तिच्या मुळाशीं कारण होतें. लिहिण्याचें काम पुरें होण्यापूर्वींच सिंक परत येत असे, आणि तीच आज्ञा आणखी दोन वेळां टाइप करण्यांत जो अवकाश जाई तेवढ्यांत चकतीचें काम उरकून जाई. आचार पुढें जातो आणि कारण मागें राहतें, याचा हा एक मासला.

एवढेंही करून नोंदी बिघडल्याच, तर प्रारंभीं त्या तपासण्याचें काम माणसाकडे असे. त्यासाठीं निरनिराळे तपासनीस प्रोग्रॅम होते, आणि त्यांनीं दाखविलेल्या चुका कशा दुरुस्त कराव्या हें जाणकारासच कळे. १९७० नंतरच्या दशकांत टेड कोवाल्स्की यांनीं ‘एफएससीके’ हा प्रोग्रॅम रचून ही विद्या यंत्राच्या स्वाधीन केली. बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समध्यें तो प्रत्येक उत्थानाच्या वेळीं आपोआप चालूं लागला. किरकोळ चुका तो आपण होऊन दुरुस्त करी. चूक गंभीर असेल तर मात्र तेथेंच थांबून माणसास हांक मारी.

तथापि या काळापर्यंत एक गोष्ट व्यवस्थापकांच्या बाजूची होती. यंत्रें वारंवार बंद पडत, आणि म्हणून वारंवार उठविलीं जात. गंभीर चूक आढळली तर यंत्रानें सरळ थांबावें, आणि कोणीतरी पडवींतून ओरडून तें पुन्हां सुरू करावयास सांगावें, असा युनिक्सच्या कर्त्यांचा साधा हिशेब होता, असें त्यांचे समकालीन टॉम व्हॅन व्हलेक यांनीं लिहून ठेविलें आहे. उठणें ही रोजची परीक्षा असल्यामुळें तींत नापास होण्याचें कारण लगेच सांपडे. आज केलेली चूक उद्यां दिसे.

चालणें आणि उठणें यांतील भेद किती तीव्र असूं शकतो, हें इंग्लंडांतील मँचेस्टर विद्यापीठांत घडलेल्या एका प्रसंगानें जगास दाखवून दिलें. दिवस बुधवार, तारीख १ ऑक्टोबर १९८६, वेळ दुपारीं सव्वातीन. विद्यापीठांत व्हॅक्स जातीचा एक संगणक बर्कले युनिक्सवर चालत होता. एका नव्यानें रुजू झालेल्या प्रोग्रॅमरानें सर्वाधिकार हातीं असतांना ‘येथील सर्व कांहीं पुसून टाक’ अशी आज्ञा दिली. आपण यंत्रणेच्या मुळाशींच, म्हणजे सर्व डिरेक्टऱ्या जेथून फुटतात त्या स्थानीं, उभे आहों हें त्याच्या ध्यानांत आलें नाहीं. चूक उमगतांच त्यानें आज्ञा मध्येंच तोडली. परंतु तोंवर नित्याच्या आज्ञांची ‘बिन’, सर्व व्यवस्थेची ‘ईटीसी’, उपकरणांच्या नांवांची ‘डेव्ह’ आणि ग्रंथालयाची ‘लिब’ या डिरेक्टऱ्या नाहींशा झाल्या होत्या.

आश्चर्य असें कीं यंत्र चालूच होतें! जे प्रोग्रॅम आधींच स्मृतींत होते ते बिनदिक्कत काम करीत होते. फाईलींची यादी दाखविणारी आज्ञा नाहीं, नांव बदलणारी नाहीं, डिरेक्टरी करणारी नाहीं. टेपवर मुळाची प्रत होती, परंतु टेप वाचणारा प्रोग्रॅम आणि टेपयंत्राचें नांव हीं दोन्हीं पुसलीं गेलीं होतीं. विद्यार्थ्यांच्या फाईलींची प्रत दर गुरुवारीं घेतली जाई, आणि हा होता बुधवार. कित्येक विद्यार्थी डॉक्टरेटचे प्रबंध पुरे करण्याच्या घाईंत होते. त्यांचें आठवड्याचें काम पणास लागलें होतें.

अशा वेळीं कोणाच्याही मनांत पहिला विचार येतो तो यंत्र बंद करून पुन्हां सुरू करण्याचा. तेथेंही तोच आला. परंतु त्यांनीं स्वतःस आवरलें, आणि त्यांतच सर्व निभावलें. कारण इनिट हा ईटीसीमध्यें होता, आणि एकट्याच्या अवस्थेंत लागणारें शेल हें बिनमध्यें. दोन्हीही गेलीं होतीं. यंत्र एकदां बंद केलें असतें तर बहुधा तें आपल्या पायावर पुन्हां उठलेंच नसतें. तें चालतें होतें, परंतु उठण्याची शक्ति गमावून बसलें होतें.

मग त्या मंडळींनीं जें केलें तें विस्तव मागून आणण्याहून निराळें नव्हतें. एकाच्या टर्मिनलवर इमॅक्स हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम सुदैवानें चालू राहिला होता. ज्या टर्मिनलवरून घात झाला, तेथें सर्वाधिकारही अद्याप शाबूत होते. व्हॅक्सची यंत्रभाषा जाणणाऱ्या एका सहकाऱ्याच्या साहाय्यानें त्यांनीं ईटीसी ही डिरेक्टरी निर्माण करण्यापुरता डझनभर ओळींचा प्रोग्रॅम रचला. तयार झालेला प्रोग्रॅम अवघा ७६ बाइटांचा होता. त्याचे अंक त्यांनीं इमॅक्समध्यें हातानें टाइप केले. प्रोग्रॅमास चालण्याची परवानगी देणारी आज्ञाही नष्ट झाली असल्यामुळें, जिला अशी परवानगी आधींच होती अशा एका जुन्या फाईलवर त्यांनीं तो लिहिला. ईटीसी निर्माण झाली. तींत अत्यावश्यक फाईली पुन्हां लिहिल्या. त्यामुळें जाळ्यावरून दुसऱ्या व्हॅक्सशीं बोलतां येऊं लागलें. मग शेजारच्या त्या यंत्राकडून बिनमधील आज्ञा आल्या, टेप वाचणारा प्रोग्रॅम आला, आणि अखेर टेपवरून डेव्हही परत आली. १९७१ पूर्वीं खटक्यांनीं आणि कागदी फितींनीं जें काम माणसें करीत, तेंच १९८६ सालीं त्यांस पुन्हां हातानें करावें लागलें. तें त्यांस करतां आलें, याचें कारण साखळींतील प्रत्येक कडी कोठें असते हें त्यांतील कोणास तरी ठाऊक होतें.

यानंतर पांच वर्षांनीं युनिक्सचा वंश विद्यापीठांतून घरोघरीं शिरला. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यानें १९९१ सालीं लिनक्स जगापुढें मांडलें. त्याचा जन्मही एका अपघाताशीं निगडित आहे. टॉरव्हाल्ड्स आपलें काम मिनिक्स नांवाच्या दुसऱ्या यंत्रणेच्या आश्रयानें करीत असे. एकदां मोडेमकडे पाठवावयाचा मजकूर चुकून चकतीकडे गेला आणि मिनिक्सचा विभाग बिघडून गेला. तेव्हां मिनिक्स पुन्हां न बसवितां लिनक्सच स्वतःच्या पायावर उभें करावयाचें त्यानें ठरविलें.

घरगुती संगणकांत साखळीची पहिली कडी चकतीच्या पहिल्या ५१२ बाइटांत असे, आणि त्यांतील प्रत्यक्ष आज्ञांस मिळत अवघे ४४६ बाइट. एवढ्याशा जागेंत फाईल शोधण्याची विद्या मावणें शक्य नव्हतें. म्हणून वेर्नर आल्मेसबर्गर यांनीं रचलेल्या ‘लिलो’ या प्रोग्रॅमानें दुसरी युक्ति केली. कर्नल चकतीवर कोणकोणत्या खंडांत पडला आहे, त्या खंडांचे पत्ते तो आगाऊ टिपून ठेवी, आणि उठतेवेळीं नांव न पाहतां त्या पत्त्यांवरच जाई. युक्ति नामी, परंतु तिनें व्यवस्थापकाच्या शिरावर एक नवें कर्तव्य आलें. जुन्या कर्नलच्या जागीं नवा ठेवला कीं लिलो पुन्हां चालवून नवे पत्ते टिपून घेतलेच पाहिजेत. हें विसरलें तर यंत्र त्या दिवशीं उत्तम चाले, दुसऱ्या दिवशींही चाले. आणि ज्या दिवशीं वीज जाई त्या दिवशीं तें रिकाम्या घराचें दार ठोठावीत बसे. लिलो आपल्या नांवाचें एकेक अक्षर एकेक पायरी चढल्यावर पडद्यावर उमटवी. चार अक्षरें उमटलीं तर सुटका. ‘एल’ आणि ‘आय’ या दोनच अक्षरांवर येऊन यंत्र थबकलें तर दुसऱ्या पायरीवर घात झाला असें समजावें. त्या दोन अक्षरांकडे पाहत किती व्यवस्थापकांनीं रात्रीं जागून काढल्या असतील!

आणखी एक सांपळा होता. जुन्या घरगुती संगणकांची मूळ व्यवस्था चकतीच्या पहिल्या १०२४ सिलिंडरांपलीकडे पाहूं शकत नसे. ही मर्यादा फार तर सुमारें ८ गिगाबाइटांवर येऊन थांबे. कर्नल या मर्यादेच्या अलीकडे असेपर्यंत सर्व ठीक. परंतु एखाद्या नित्याच्या सुधारणेंत नवा कर्नल चकतीवर पलीकडे कोठें जाऊन पडला, तर काल उठणारें यंत्र आज उठत नसे, आणि कोणाचेंही कांहीं चुकलेलें नसे. यावर उपाय म्हणून चकतीच्या प्रारंभीं कर्नलसाठीं एक लहान स्वतंत्र विभाग राखण्याची पद्धत पडली. पुढें हीच पद्धत दुसऱ्या व्याधीचें कारण झाली. सुधारणा येत गेल्या, प्रत्येकीबरोबर एक नवा कर्नल आला, जुने तसेच राहिले, आणि तो लहान विभाग भरून गेला. मग पुढची सुधारणा अर्धवट लिहिली गेली, आणि अर्धवट लिहिलेली फाईल घेऊन कोणतें यंत्र उठणार? जुनें जपून ठेवावें हा कुळाचार चांगलाच. पण जपणें आणि साचविणें यांतील भेद न कळला म्हणजे चांगला आचारही अंगावर येतो.

१९९५ सालीं एरिक बोलिन यांनीं ‘ग्रब’ या प्रोग्रॅमाचा आरंभ केला. टिपलेल्या पत्त्यांवर विसंबून न राहतां ग्रब स्वतः चकतीवरील फाईली नांवानें शोधूं शकतो, आणि कोणता कर्नल उठवावयाचा हें माणसास विचारतो. म्हणजे १९७५ च्या सहाव्या आवृत्तींतील तें जुनें प्रश्नोत्तर वीस वर्षांनीं फिरून आपल्या जागीं आलें.

इकडे यंत्रें मात्र अधिकाधिक भरंवशाचीं होत गेलीं होतीं. महिनेच्या महिने, वर्षेंच्या वर्षें तीं अखंड चालूं लागलीं. यंत्र किती दिवस न थांबतां चालू आहे हा आंकडा व्यवस्थापक अभिमानानें एकमेकांस दाखवूं लागले. एका काळीं लिनक्सचा हा हिशेब ठेवणारा गणक ४९७ दिवस भरले कीं शून्यावर येई, कारण तेवढ्या अवधींत त्याच्या बत्तीस अंकी मापांत मावणारी संख्या संपे. आणि अभिमानाचा आंकडा असा पुसला गेल्याचें अनेकांस वाईट वाटे. परंतु या अभिमानाच्या पोटांत खरा धोका होता. पांचशें दिवस न थांबलेल्या यंत्रांत पांचशें दिवसांचे लहानमोठे फेरफार सांचलेले असतात. कोणीं एखादी बाहेरची चकती जोडून व्यवस्थेच्या फाईलींत तिची एक ओळ घातली. पुढें चकती काढून नेली, ओळ तशीच राहिली. कोणीं एक सेवा हातानें सुरू केली, पण ती आपोआप सुरू व्हावी अशी नोंद केली नाहीं. अशा यंत्राची वीज एका रात्रीं जाते. तें उठूं लागतें, नसलेल्या चकतीची वाट पाहतें, आणि अर्ध्या वाटेवर थांबून पडद्यावर कोणातरी जाणकारास हांक मारतें. यंत्र असतें दूरच्या शहरांत कुलुपबंद खोलींत. पडद्यासमोर कोणीच नसतें. ती ओळ लिहिणारा गृहस्थही कदाचित् नोकरी सोडून गेलेला असतो. जुन्या काळीं चूक आणि तिचें फळ यांत एका रात्रीचें अंतर होतें. आतां तें दीड वर्षांचें झालें. यंत्र सुधारलें, आणि त्या सुधारणेनेंच चूक अधिक खोल दडली.

उलट बाजूनेंही एक ठोकर बसली. २९ जुलै १९८६ नव्हे, तर त्यानंतर चौतीस वर्षांनीं, २९ जुलै २०२० रोजीं, ग्रबमधील ‘बूटहोल’ नांवाचा एक सुरक्षादोष जाहीर झाला. साखळीच्या पहिल्या कडींतच परक्यास शिरकाव मिळेल असा तो दोष होता. रेड हॅट कंपनीनें तत्काळ सुधारणा प्रसृत केली, आणि सावध व्यवस्थापकांनीं ती तत्काळ बसविली. परंतु ग्रबच्याही आधीं जागा होणारा जो ‘शिम’ नांवाचा लहान प्रोग्रॅम, त्याच्या नव्या प्रतींत खोट निघाली, आणि रेड हॅटच्या सातव्या व आठव्या आवृत्तीचीं कित्येक यंत्रें सुधारणेनंतर उठेनातच. कंपनीस ती सुधारणा बसवूं नये असें ग्राहकांस कळवावें लागलें, आणि थोड्याच दिवसांत तिनें नवी दुरुस्त प्रत दिली. येथें मँचेस्टरचाच धडा फिरून मिळाला. ज्यांनीं सुधारणा बसविली होती परंतु यंत्र अद्याप बंद केलें नव्हतें, त्यांस चालत्या यंत्रांतच जुनी प्रत परत आणण्यास अवकाश होता. ज्यांनीं बंद करून पाहिलें, त्यांस बाहेरून दुसऱ्या साधनावरून यंत्र उठवून, आंत शिरून, जुनी प्रत बसवावी लागली. ज्यांच्याजवळ तें साधन आधींच तयार होतें त्यांचें काम घटकेंत झालें.

मग सुधारणा करूंच नये काय? तसें म्हणतां येत नाहीं. दोष उघडा पडल्यावर तो तसाच ठेवणें म्हणजे घराचें दार सताड उघडें टाकणें होय. निष्कर्ष निघतो तो निराळा. फेरफार करणें हें अर्धेंच काम आहे. त्या फेरफारानंतर यंत्र उठतें हें पाहणें हें उरलेलें अर्धें. युनिक्सच्या वंशांतील शहाण्या यंत्रणांनीं हीच गोष्ट आपल्या रचनेंत उतरविली आहे. फ्रीबीएसडीमध्यें नवा कर्नल बसवितांना जुना आपोआप ‘जुना कर्नल’ या नांवानें शेजारींच राहतो; शिवाय नवा कर्नल फक्त एकाच खेपेपुरता उठवावा अशीही आज्ञा देतां येते, म्हणजे तो फसला तर पुढल्या खेपेस जुनाच उठतो. सोलॅरिसच्या अकराव्या आवृत्तींत, आणि पुढें २०१८ च्या फ्रीबीएसडीमध्यें, मूळ यंत्रणेची संपूर्ण स्थिति जशीच्या तशी राखून मग तिच्या दुसऱ्या प्रतीवर फेरफार करण्याची सोय आली. फेरफार अंगाशीं आला तर उठतेवेळीं पहिली स्थिति निवडावी, कीं काम झालें.

परंतु सोयी कितीही झाल्या तरी त्या माणसाच्या संवयीची जागा घेऊं शकत नाहींत. या साऱ्या इतिहासांतून व्यवस्थापकांच्या पिढ्यांनीं जी संवय कमाविली ती थोडक्यांत अशी. नवें उठून दाखवीपर्यंत जुनें टाकूं नये. घराची एक किल्ली घराबाहेर असावी, म्हणजे यंत्र बाहेरून उठविण्याचें साधन हाताशीं असावें, आणि तें चालतें कीं नाहीं हें अडचण येण्यापूर्वींच पाहून ठेवावें. फेरफाराची नोंद करावी, कारण तो करणारा उद्यां तेथें असेलच असें नाहीं. संकट आलें तर बंद करण्याची घाई करूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, यंत्र बंद करून उठविण्याचा मुहूर्त आपण होऊन निवडावा. दिवसाउजेडीं, जाणकार जवळ असतांना, गर्दी नसतांना. हा मुहूर्त माणसानें निवडला नाहीं तर एखाद्या रात्रीं तो वीज निवडते.

चूल पेटलेली आहे तोंवर निखाऱ्याची आठवण कोणास होत नाहीं. ज्या घरीं ती रात्रींच होते, त्या घरीं सकाळीं शेजाऱ्याचें दार ठोठवावें लागत नाहीं.